जिमखान्याची जमीन आणि बाळू पालवणकर

आपल्या सोसायटीच्या पंचविशीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत अहवाल, आजी-माजी पदाधिकाऱ्यांचे फोटो, मुलांच्या कविता आणि जाहिराती असणारच. एखादं चरित्रही असावं असं समितीचं म्हणणं पडलं. चरित्र म्हटलं की आपल्याकडे ठरलेली चार-पाच नावं पुढे येतात, आणि त्यांच्याबद्दल आपण शाळेच्या पुस्तकापासून वाचत आलोय. म्हणून मी एका क्रिकेटपटूबद्दल लिहितो आहे. एक तर आपल्या मोकळ्या जागेत संध्याकाळी क्रिकेटशिवाय दुसरं काही चालत नाही. शिवाय जागा कुणाची, क्लब कुणाचा, सभासद कोण आणि नुसता वापरणारा कोण, हे विषय आपल्या सर्वसाधारण सभेत दर वर्षी निघतात. या माणसाचं निम्मं आयुष्य याच विषयांभोवती गेलं.

बाळू पालवणकर यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाडला झाला. आडनाव सांगतं त्याप्रमाणे मूळ घराणं कोकणातल्या पालवणचं. जात चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळे बिऱ्हाड पुण्यात आलं. लष्करी अधिकारी खेळून झाल्यावर जुनी बॅट, उसवलेला चेंडू टाकून देत. त्या टाकाऊ सामानावर बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊ त्यात आले. एका घरातले चार भाऊ, आणि चौघेही हिंदूंच्या संघातून खेळले!

बाळूची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात लागली. काम काय, तर मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि सभासदांना सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात गेला. तिथे एक रुपया जास्त मिळाला आणि कामही वाढलं. जाळ्या बांधणं, खेळपट्टी आखणं, टेनिस कोर्टावर चुन्याच्या रेघा मारणं, सगळं त्याच्याकडे. तिथेच कुणा साहेबाने त्याला गोलंदाजी करायला सांगितलं आणि हा पोरगा डाव्या हाताने असा काही चेंडू वळवतो हे साहेबांच्या लक्षात आलं.

त्या वेळचे नामांकित युरोपियन फलंदाज कॅप्टन ग्रेग रोज सरावाला लवकर यायचे आणि बाळूला तासन् तास चेंडू टाकायला लावायचे. (हेच ग्रेग पुढे कॅथलिक धर्मगुरू झाले. माणसाचं आयुष्य कुठून कुठे जातं बघा.) बाळूने त्यांना बाद केलं की दर वेळी ते त्याला आठ आणे देत, असं सांगतात. हिशेब केला तर सहा वेळा बाद केलं की पारशी क्लबातला महिन्याचा पगार हातात! ग्रेग यांची फलंदाजी सुधारली ती बाळूमुळे, आणि बाळूची गोलंदाजी घडली ती ग्रेग यांच्यामुळे. पण इतकी वर्षं चेंडू टाकून जाळीत बॅट मात्र त्याच्या हातात कुणी दिली नाही. फलंदाजी हे सभासदांचं काम होतं. गोलंदाजी ही नोकरी होती.

इथून पुढे मी त्यांना अहो-जाहो करणार आहे. तेव्हाच्या क्लबांत त्यांना कुणी केलं असेल असं वाटत नाही.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं. साहेबांच्या क्लबात एक चांभाराचा मुलगा साहेबांनाच बाद करतो, ही बातमी शहरभर झाली होती. त्याला संघात घ्यायचं का, यावर क्लबात दोन तट पडले. घ्यावं म्हणणारे जिंकले, कारण सामना जिंकायची इच्छा मोठी होती. बाळू आले आणि क्लब जिंकायला लागला. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याने तर त्यांची फिरकी चालू नये म्हणून खेळपट्टीवर भरपूर रोलर फिरवून ठेवला होता. ज्या माणसाने पोटासाठी रोलर फिरवला त्याच्यावरच रोलरचा डाव! तिथेही बाळूंनी भराभर गडी बाद केले.

मैदानावर तेच सवंगडी, तोच चेंडू. त्या चेंडूला बाळूंचा हात लागला की लगेच तो झेलायला इतरांचे हात पुढे होत. चहाच्या सुट्टीत मात्र संघ पव्हेलियनमध्ये जायचा आणि बाळू बाहेर उभे राहायचे. त्यांचा चहा वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात यायचा. हातपाय धुवायला पाणी द्यायचं तर त्यांच्यासारख्याच अस्पृश्य नोकराने, कोपऱ्यात. जेवणाचं ताट वेगळं, जागा वेगळी. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी क्लबाच्या लोकांना जाहीरपणे सुनावलं. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. लोकमान्य टिळकांनीही जाहीर समारंभात बाळूंचा सत्कार केला. सनातनी पुण्यात हे घडलं, ही साधी गोष्ट नव्हती.

१८९६ च्या सुमारास, प्लेगच्या त्या धामधुमीच्या वर्षांत, बाळू मुंबईला आले. इथे जरा थांबून जमिनीची गोष्ट सांगायला हवी, कारण ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

चर्नी रोडहून मरीन लाइन्सकडे लोकलने जाताना समुद्राच्या बाजूला ओळीने जिमखाने दिसतात. आपल्यापैकी कित्येक जण तिथे लग्नाच्या स्वागत समारंभाला जाऊन आले असतील. ही जागा अशी एका रांगेत, धर्माधर्मांत वाटलेली का आहे, हा प्रश्न जेवणाच्या रांगेत उभं असताना सुचत नाही. त्याचं मूळ फोर्टातल्या मैदानात आहे. १८७५ साली तिथे बॉम्बे जिमखाना निघाला, फक्त युरोपियनांसाठी. मैदानाचा चांगला भाग त्यांच्याकडे. उरलेल्या भागावर पारशी आणि हिंदू पोरं खेळायची, तर तिथे साहेब लोक घोड्यावर बसून पोलो खेळायला यायचे. टापांनी जमीन उखडायची आणि त्या खड्ड्याखळग्यांवर दुसऱ्या दिवशी क्रिकेट! पोलो खेळणारे मूठभर, क्रिकेट खेळणारे शेकड्यांनी. १८८१ मध्ये हिंदी खेळाडूंनी सह्या गोळा करून गव्हर्नरकडे अर्ज केला. पारशी त्यात पुढे होते, पण सह्या हिंदूंच्याही होत्या. अर्ज, उलट अर्ज, आज मनाई, उद्या पुन्हा परवानगी, असं बरीच वर्षं चाललं. महापालिकेत आणि रजिस्ट्रार ऑफिसात खेपा घातलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

शेवटी सरकारने नेहमीचा मार्ग काढला. मूळ जागेवरचा हक्क द्यायचा नाही, दुसरीकडे जागा द्यायची. समुद्र हटवून मिळालेली केनेडी सी फेसची जमीन रिकामी होती. १८८५ साली स्थापन झालेल्या पारशी जिमखान्याला तिथे भूखंड मिळाला. १८९० ते १८९५ या काळात लॉर्ड हॅरिस मुंबईचे गव्हर्नर होते. हे गृहस्थ इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे माजी कप्तान. त्यांच्या काळात मुसलमानांच्या आणि हिंदूंच्या जिमखान्यांनाही शेजारी शेजारी तुकडे मिळाले. १८९४ मध्ये हिंदू जिमखाना सुरू झाला आणि त्याला परमानंददास जीवनदास यांचं नाव लागलं. म्हणून पी. जे. हिंदू जिमखाना.

गंमत अशी, की तोवर मुंबईत हिंदू म्हणून एकत्र क्लब असा नव्हताच म्हटलं तरी चालेल. प्रभूंचा क्लब, गौड सारस्वतांचा क्लब, क्षत्रियांचा, गुजरात्यांचा, मराठ्यांचा, तेलुगूंचा, असा ज्याचा त्याचा कारभार होता. सरकारने जमीन दिली ती हिंदू या नावावर. तेव्हा या सगळ्यांना एका कुंपणाच्या आत यावं लागलं. माझ्या मते जमिनीने माणसं एकत्र आणली, मनाने नव्हे. आणि एकदा फाटकावर हिंदू जिमखाना अशी पाटी लावली की मग फाटकाशी उभ्या असलेल्या चांभाराच्या मुलाला काय सांगायचं, हा प्रश्न आलाच.

बाळूंना घ्यायला काही सभासद राजी नव्हते. तेव्हाचे कप्तान कीर्तिकर यांनी त्यांची समजूत काढली. बाळू आत आले. पाठोपाठ शिवराम आले. मुंबईची हवा पुण्यापेक्षा थोडी मोकळी होती. इथे हे दोघे भाऊ इतर खेळाडूंबरोबर जिमखान्याच्या टेबलावर खाऊ-पिऊ लागले. बाळूंनी रेल्वेतही नोकरी केली आणि तिच्या संघातून खेळले. पण नाव झालं ते हिंदू जिमखान्याकडून.

१९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू आणि युरोपियन यांची गाठ बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पडली. तोवर साहेबांना हरवण्याचा मान पारशांकडेच होता. वंगभंगाची चळवळ जोरात होती आणि स्वदेशीच्या होळ्या पेटत होत्या. अशा वेळी हा सामना म्हणजे नुसता खेळ राहिला नव्हता. जमलेली गर्दी तंबूंत आणि झाडांखाली. ज्या पव्हेलियनसमोर सामना चालला होता तिथे हिंदू संघातला एकही जण सभासद होऊ शकत नव्हता. म्हणजे बाळू पुण्यात जसे पव्हेलियनबाहेर होते, तसे त्या दिवशी अकराच्या अकरा जण बाहेर होते. हे त्यातल्या कितींच्या लक्षात आलं असेल कोण जाणे.

हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंच्या फिरकीचा त्यात मोठा वाटा होता. गावोगावी जल्लोष झाला. मुंबईच्या इंडियन सोशल रिफॉर्मर या पत्राने तर या विजयाचं श्रेय जातीची आडकाठी बाजूला सारण्याला दिलं. पुण्यात वेगळं बसवून, पुढे मुंबईत जवळ घेऊन, असा एकेक पाऊल टाकत संघ इथवर आला, असा त्यांचा रोख होता. पुढच्या वर्षापासून पारशी, युरोपियन आणि हिंदू यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला आणि चौरंगी झाली. आज धर्मावर आधारलेले संघ म्हटलं की आपण दचकतो. पण तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, कारण मैदानांची जमीनच तशी वाटून दिलेली होती.

१९११ साली पहिला हिंदी संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय १९. महाराज फारसे खेळलेच नाहीत. बाळू तेव्हा पस्तिशीचे. अनोळखी हवा, ओल्या खेळपट्ट्या, दुखरा खांदा, आणि आपला संघ सामन्यामागून सामने हरतोय. अशा दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. प्रत्येक बळीमागे १९ धावाही पडल्या नाहीत. हे आजही ऐकायला भारी वाटतं. लेस्टरशायर आणि सॉमरसेट या कौंटी संघांना हिंदी संघाने हरवलं. तिकडच्या जाणकारांनी बाळूंची तुलना इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी केली. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळी विशीत असलेल्या भीमराव आंबेडकरांना बाळूंचा मोठा अभिमान होता. हे पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

एवढं झाल्यावर कप्तानपद कुणाला मिळायला हवं होतं? सगळ्यात जुना खेळाडू, सगळ्यात यशस्वी गोलंदाज, ज्याच्या जोरावर सामने जिंकले तो. बाळूंचं नाव वर्षामागून वर्ष निघायचं आणि बाजूला पडायचं. जेवणाच्या टेबलावर बसवलं होतं, पण टेबलाच्या मुख्य खुर्चीवर बसवायला मन धजत नव्हतं. कप्तानपद एम. डी. पै यांना मिळत गेलं. पै यांच्याबद्दल मात्र चांगलंच लिहायला हवं. १९१३ मध्ये एका समारंभात त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की हा मान आपल्याआधी बाळूंचा होता. खुर्चीवर बसलेला माणूस असं बोलतो, हे आपल्याकडे कितीदा दिसतं?

१९२० साली गोष्ट तुटेपर्यंत ताणली गेली. बाळू चव्वेचाळीस वर्षांचे झाले होते. त्यांना संघातून वगळलं. पै आजारी म्हणून पहिल्या सामन्याचं कप्तानपद दि. ब. देवधरांना दिलं. विठ्ठल तेव्हा हिंदूंचे सर्वांत भरवशाचे फलंदाज, आणि देवधरांना ज्येष्ठही. तरी त्यांना बाजूला ठेवलं. देवधर उत्तम खेळाडू होते, यात वाद नाही. त्यांच्या नावाची स्पर्धा आपण बरीच वर्षं बघितली. पण प्रश्न त्यांचा नव्हताच, निवड समितीचा होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि कारण जाहीर निवेदनात लिहून दिलं. आपल्याला खेळापेक्षा जातीवरून तोललं जातंय, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं होतं. गांधीजींच्या असहकाराचे दिवस. अस्पृश्यता हा विषय सभांतून गाजत होता आणि इकडे हिंदूंचा संघ जातीवरून फुटत होता. वर्तमानपत्रं खेळाडूंच्या बाजूने उभी राहिली. जिमखान्याला नमतं घ्यावं लागलं. अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकप्तान केलं, भाऊही परतले. त्या सामन्यात पै मैदानाबाहेर गेले आणि संघाची सूत्रं काही काळ बाळूंच्या हाती आली. ते मुद्दामच गेले असावेत, असं मला वाटतं. एवढंच काय ते बाळूंचं कप्तानपद.

नंतर विठ्ठल यांच्याकडे ते रीतसर आलं. १९२३ साली त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी जिंकली आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवलं. भाऊ खांद्यांवर चढला तेव्हा बाळू खेळातून निवृत्त झाले होते. ३३ प्रथम श्रेणी सामने आणि १७९ बळी, ही त्यांची कागदावरची कमाई. त्यांची चांगली वर्षं अशा काळात गेली की मोठे सामने वर्षाला एक-दोनच व्हायचे. भारताचा पहिला कसोटी सामना जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर झाला, तेव्हा ते ५६ वर्षांचे होते.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते वेगळ्याच ठिकाणी दिसतात, येरवड्याला. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळावेत की नाही, यावर गांधीजींचं उपोषण सुरू होतं. डॉ. आंबेडकर स्वतंत्र मतदारसंघ मागत होते. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले आणि पुणे करारावर त्यांची सही आहे. अनेकांना हे खटकतं. ज्या माणसाला बाहेर बसवून चहा दिला, त्याने वेगळं होण्याची संधी का सोडावी? माझा अंदाज असा, की त्यांनी आयुष्यभर जे मिळवलं ते आत शिरून मिळवलं होतं. मैदान, मग टेबल, मग भावाच्या वाट्याला आलेलं कप्तानपद. दार हळू उघडतं पण उघडतं, हा त्यांचा अनुभव होता. बाबासाहेबांचा अनुभव वेगळा होता. दार एकेका गुणी माणसापुरतंच किलकिलं होतं आणि बाकीचा समाज बाहेरच राहतो, हे ते बघत होते. बाळूंचं चरित्र वाचून झाल्यावर मला बाबासाहेबांचं म्हणणं जास्त पटतं. बाळूंइतकी फिरकी ज्याच्या हातात नव्हती, त्याचं काय?

मुंबई महापालिकेची निवडणूक बाळूंनी लढवली आणि हरले. १९३७ साली काँग्रेसने त्यांना मुंबई विधानसभेच्या राखीव जागेवर उभं केलं, थेट आंबेडकरांच्या विरोधात. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याला त्यांचा अभिमान होता तोच आता समोर. गिरणगावातली ती लढत चांगलीच अटीतटीची झाली आणि बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले. या निवडणुकीवरून दोघांनाही दोष देणारे आहेत. त्यात पडण्याची ही जागा नाही.

विठ्ठल यांनी १९४८ साली मराठीत आत्मचरित्र लिहिलं, माझे क्रीडा-जीवन. चार भावांची घरची हकीकत त्यात आहे. जुन्या ग्रंथालयात कुठे दिसलं तर आपल्या वाचनालयासाठी बघून ठेवा.

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले.